"आमच्या घरात? छे, जंत कसले!"

मैत्रिणींनो, केस गळतात, लोणच्याला बुरशी येते, डोशाचं पीठ फुगत नाही, अशा शंका आपण चारचौघींत अगदी मोकळेपणी विचारतो. हळदीकुंकवाला गेलं की बीपी, शुगर आणि गुडघे यांच्या गप्पा रंगतात. पण "माझ्या मुलाच्या शौचातून जंत पडला" हे वाक्य हळदीकुंकवात कुणी उच्चारल्याचं तुम्हाला आठवतं का? ते सांगायचं स्वयंपाकघराच्या दाराआड, आवाज खाली आणून, तेही अगदी जवळच्या जावेला नाही तर बहिणीला. ऐकणारीनंही मान हलवून म्हणायचं, "बाहेरचं काही खाल्लं असेल हो!"

जणू जंत होणं म्हणजे घरच्या बाईच्या टापटिपीवर ठपका. म्हणून मग शाळेतून मुलगा गोळीचा निरोप घेऊन आला की पुष्कळ घरांतून उत्तर जातं, "आमच्या घरात जंत नाहीत, आम्हाला नको गोळी." बीडसारख्या जिल्ह्याच्या गावात राहून मी हे उत्तर इतक्या वेळा ऐकलं आहे, की आज या नकोशा पाहुण्याबद्दल तुमच्याशी चार गोष्टी बोलायचं ठरवलं. नाकाला पदर लावू नका. वाचून तर पाहा!

आधी आपल्या लाडक्या समजुती घेऊ. "गोड फार खातो, म्हणून जंत झाले." "रात्री दात खातो, म्हणजे नक्की जंत." "जंत काय, प्रत्येकाच्या पोटात असतातच." यांतली एकही धड खरी नाही. गुळाच्या खड्यातून जंत जन्माला येत नाही. दात खाणं ही जंतांची खात्रीची खूण असं डॉक्टर मानत नाहीत. जंत नसलेली मुलंही दात खातात. आणि प्रत्येकाच्या पोटात जंत असलेच पाहिजेत, असा काही देवाचा नियम नाही. जंत बाहेरूनच येतो. अंड्याच्या रूपानं तोंडातून येतो, नाही तर अळीच्या रूपानं थेट पायाच्या कातडीतून शिरतो.

गांडुळासारखा लांब, पांढुरका जो जंत आपण ओळखतो, त्याचीच गोष्ट पाहा. त्याची मादी वीतभराहून लांब होते आणि दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती अंडी शौचावाटे बाहेर पडतात. उघड्यावर शौच झालं की मातीत मिसळतात आणि दोन-चार आठवड्यांत तयार होतात. म्हणजे ताज्या घाणीपेक्षा जुनी, वाळलेली, आपल्याला स्वच्छ वाटणारी मातीच अधिक धोक्याची. तीच माती मुलांच्या नखांत जाते, मेथीच्या मुळांशी राहते, गाजराला चिकटते. पोटात अंडं फुटलं की अळी आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात जाते, खोकल्याबरोबर घशात चढते आणि पुन्हा गिळली जाऊन आतड्यात येते. तिथं ती मोठी होते आणि वर्ष-दोन वर्षं मुक्काम ठोकते. आपण मुलाला दूध-तूप घालतो आणि जेवतो तो! "खातंय तर खूप, पण अंगी लागत नाही" या तक्रारीमागे कधी कधी हा पाहुणा बसलेला असतो.

दुसरा पाहुणा याहून लहान, पण फार वाईट. त्याला अंकुशकृमी म्हणतात. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. तो आतड्याच्या अस्तराला तोंडानं घट्ट धरतो आणि रक्त पितो. जातीप्रमाणे एक कृमी दिवसाला अर्ध्या थेंबापासून तीन-चार थेंबांपर्यंत रक्त खर्ची घालतो. तुम्ही म्हणाल, थेंबाचं काय एवढं? पण पोटात असे शंभर-दोनशे असले तर हिशेब करा, आणि तोही रोजचा. आणि हा बहुतेक वेळा तोंडातून येत नाही. ओल्या, सावलीतल्या, उबदार मातीत त्याच्या अळ्या वाट पाहत असतात. अनवाणी पाय पडला की कातडीतून आत. बोटांच्या बेचक्यात थोडी खाज सुटते. आपण म्हणतो, चिखल्या झाल्या.

हे कसं कळलं, तेही ऐकण्यासारखं आहे. आर्थर लूस नावाचे एक जर्मन शास्त्रज्ञ इजिप्तमध्ये कैरो इथं काम करीत होते. अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब चुकून त्यांच्या हातावर सांडला. जागा लाल झाली, खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात कृमीची अंडी सापडली. १८९८ च्या सुमाराची ही गोष्ट. तोवर हा कृमी फक्त तोंडावाटे पोटात जातो, असाच समज होता.

आता तुम्हाला वाटेल, हे सगळं गरीब, मागासलेल्या देशांचं दुखणं. तसं नाही हो. युरोपात आल्प्स पर्वताखालून गॉटहार्डचा पंधरा किलोमीटरचा रेल्वे बोगदा १८७२ ते १८८२ या काळात खणला गेला. हजारो मजूर, बरेचसे इटलीचे. आत उष्ण, दमट हवा, पायांखाली चिखल आणि शौचाची काही सोय नाही. माणसं पांढरीफटक पडू लागली, चालताना धापा टाकू लागली, कित्येक दगावली. १८८० मध्ये तूरीनच्या एदोआर्दो पेर्रोंचितो यांनी त्यांच्या पोटातला अंकुशकृमी दाखवून दिला. बोगदा संपला, मजूर दुसऱ्या देशांतल्या खाणींवर कामाला गेले आणि त्यांच्याबरोबर कृमीही गेला.

अमेरिकेची कथा याहून बोलकी आहे. तिथल्या दक्षिण भागातले गरीब शेतकरी आणि गिरणी-कामगार यांना सगळा देश "आळशी" म्हणून हिणवीत असे. १९०२ मध्ये चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञानं सांगितलं, हे लोक आळशी नाहीत, यांच्या अंगात रक्तच उरलेलं नाही. वर्तमानपत्रांनी थट्टेनं "आळसाचा जंतू सापडला" म्हणून मथळे दिले. १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून मोहीम निघाली, मुलांची तपासणी झाली, तेव्हा शंभरात सुमारे चाळीस मुलांच्या पोटात हा कृमी निघाला! आणि तो अमेरिकेत आला होता आफ्रिकेतून, साखळदंडांनी बांधून आणलेल्या गुलामांबरोबर. माणसाला जनावरासारखं नेलं, जनावरासारखं ठेवलं. कृमीला तेवढंच हवं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मातीतून येणारे हे जंत आजही जगातल्या सुमारे दीडशे कोटी माणसांच्या पोटात आहेत. म्हणजे जवळजवळ पाच माणसांमागे एक. एवढा मोठा पसारा एखाद्या बाईच्या गलथान स्वयंपाकघरामुळे झाला असेल का? नीट पाहिलं तर प्रत्येक ठिकाणी गोष्ट एकच. माणसं पोटासाठी घर सोडून जातात. जिथं कामाला नेतात, तिथं त्यांच्याकडून काम तेवढं घेतात. त्यांच्या शौचाची सोय करणं हे मात्र कुणाचंच काम नसतं.

हे वाचताना बीडच्या बायकांच्या डोळ्यांसमोर आपसूक काय आलं असेल, ते मला ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातले रस्ते ट्रॅक्टर-ट्रकांनी भरतात. पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणी, धारूर, केज, गेवराई, कुठल्याही तालुक्यात जा. भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळ्या आणि लेकरं वर चढवून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, काही थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक "कोयता". मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची. परत येणं गुढीपाडव्याच्या मागंपुढं.

आमच्या गल्लीत धुणंभांडी करणाऱ्या एक मावशी आहेत. पावसाळ्यात इथं असतात, दिवाळीनंतर टोळीबरोबर जातात. एकदा मी त्यांना सहज विचारलं, तिकडं संडासाची काय सोय असते? त्या हसल्याच.

"संडास कुठला ताई तिकडं? पहाटं अंधारात उठायचं आन् उसाच्या फडात जाऊन यायचं. दिवसा गड्यांच्या देखत कुठं जाणार? दाबून धरायचं. लेकरू तर कोपीच्या मागंच बसतंय. साबण म्हणता? प्यायाला चांगलं पाणी मिळालं तरी नशीब!"

मी हिशेब करू लागले. आपला बीड जिल्हा कोरडा. उन्हानं तापलेल्या, भेगाळलेल्या रानात कृमीच्या अळ्या फार काळ जगत नाहीत. पण पाटाचं पाणी दिलेला उसाचा फड म्हणजे ओल, सावली आणि ऊब, तिन्ही एकत्र. नेमकी अळीला हवी तशी जमीन. त्याच फडात शौचाला जायचं, त्याच फडात ऊस तोडायचा, त्याच्याच कडेला पाचटाच्या कोपीत स्वयंपाक करायचा आणि तिथंच मातीत लेकरू रांगायचं. गॉटहार्डच्या बोगद्याहून हे किती वेगळं आहे, तुम्हीच सांगा!

आणि आता खरी बोचणारी गोष्ट. आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्या मुलामुलींना अंगणवाडीत आणि शाळेत आल्बेंडाझोलची गोळी फुकट दिली जाते. राष्ट्रीय तारखा ठरल्या आहेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. राज्यात त्या पुढंमागं होतात. त्या दिवशी चुकलेल्या मुलांसाठी आठवडाभरानं आणखी एक दिवस ठेवतात. योजना चांगली, गोळी चांगली. पण फेब्रुवारीत ऊसतोड्याचं लेकरू असतं कुठं? गावातल्या हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलं असेल, तर शाळेत त्याला गोळी मिळते. आईबापांबरोबर फडावर गेलं असेल, तर गावच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढं नुसती रेघ. ज्या लेकराला गोळीची गरज सगळ्यांत जास्त, तेच नेमकं त्या दिवशी गोळीपासून शंभर कोस दूर!

"मग त्या मुलांना आपल्या अंगणात येऊच देऊ नये," असं एका वाचनमंडळाच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या होत्या. चांगल्या शिकलेल्या, मायाळू बाई. त्यांना मी एवढंच विचारलं, मग कोथिंबीरही येऊ देणार नाही का? आपल्या गावाचं सांडपाणी ज्या ओढ्याला जातं, त्याच्याच काठी भाजी पिकते आणि ती सकाळी आपल्या दारात येते. आपल्या सोसायटीच्या मैला-टाकीचा टँकर कुठं रिकामा होतो, हे आपण कधी विचारलं आहे का? जंताला उंबरठा ओळखता येत नाही. गल्लीतल्या दहा घरांपैकी दोन घरांत जंत राहिले, तर दहाही घरांच्या मातीत अंडी राहणार. म्हणून तर गोळी देताना कुणाची शौचतपासणी करीत बसत नाहीत. सगळ्यांना एकाच दिवशी देतात. "आमच्या घरात नाहीत" म्हणून जी आई गोळी परत पाठवते, ती तो गोफ विणता विणता मध्येच एक दोरी सोडून देते.

सगळ्यांनी मिळून केलं तर काय होतं, हे दक्षिण कोरियानं दाखवलं आहे. १९७१ मध्ये तिथं शंभरात पंचावन्न माणसांच्या पोटात लांब जंत होते. त्याआधी १९६६ मध्ये त्यांनी जंतांविरुद्ध चक्क कायदा केला होता. शाळेतल्या मुलांची वर्षातून दोनदा शौचतपासणी होई. प्रत्येक मूल छोट्या पाकिटात नमुना घेऊन शाळेत जाई, कुणी लाजत नसे. ज्याच्या पोटात जंत निघाले त्याला गोळ्या. बरोबरीनं संडास बांधले गेले, शेतात मैल्याचं खत घालणं थांबलं. १९९० नंतरच्या पाहण्यांत हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं होतं. एका पिढीत!

आता मुलांचं झालं, आपलं काय? मैत्रिणींनो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर बायकांपैकी सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. याची कारणं अनेक आहेत. पाळीत जास्त अंगावर जाणं, लागोपाठ बाळंतपणं आणि सगळ्यांना वाढून उरलेल्यावर भागवणं. सगळा दोष जंतावर टाकणं बरोबर नाही. पण ज्या बाईचं रक्त आधीच कमी आहे, तिच्या पोटात अंकुशकृमी असला तर लोहाच्या गोळ्या म्हणजे तळाला चीर गेलेल्या रांजणात घागरी ओतणं. भरलेला रांजण सकाळी पुन्हा रिकामा.

अशी बाई जिना चढताना थांबते, दुपारी आडवी होते, भाकरी थापताना तिचे हात गळून जातात. मग घरात शब्द उठतो, "हल्लीच्या सुना आळशीच!" अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी हाच शब्द होता. तुमच्या घरात, शेजारात, कामाला येणाऱ्या बायकांत कुणाला असा शब्द लागला असेल, तर तो उच्चारण्याआधी तिच्या पापणीच्या आतली बाजू पाहा. पांढुरकी दिसली तर तिला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. रक्त तपासा, शौच तपासा. दिवस गेलेल्या बाईनं पहिल्या तीन महिन्यांत जंताची गोळी घ्यायची नसते. त्यानंतर डॉक्टरांच्या किंवा आरोग्यसेविकेच्या सल्ल्यानं घेता येते. अंगणवाडीच्या गोळीत मोठ्या बायकांचा समावेश नाही, म्हणून आपल्यापुरतं आपणच विचारायला हवं. ते आपण शेवटी करतो, नाही का?

गोळी कशी द्यायची, तेही लिहून ठेवा. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, दोन वर्षांपुढं पूर्ण गोळी, ४०० मिलिग्रॅमची. ती चावून खायची असते. लहानग्यांना दोन चमच्यांत कुसकरून पाण्याबरोबर द्यायची. त्या दिवशी ताप किंवा आजार असेल तर बरं वाटल्यावर. मुलाला फिट्स येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. पोटात जंत जास्त असले तर गोळीनंतर जरा मळमळतं, पोट दुखतं आणि थोड्या वेळानं आपोआप थांबतं. त्याचा गवगवा करून शाळेवर धावून जाऊ नये. रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे सुतासारखे बारीक जंत असतील, तर घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. चादरी, चड्ड्या गरम पाण्यात धुवायच्या आणि नखं कापायची.

"मग आमचं वावडिंग?" असं तुमच्या सासूबाई विचारतील. माझ्याही सासूबाई विचारत. बाळाच्या पाण्यात वावडिंग उकळणं, डिकेमाली उगाळणं, कारल्याचा रस पाजणं, हे सगळं आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलं. ज्या काळी गोळी नव्हती, त्या काळी त्या बायकांनी हाती होतं त्यातून मुलं जपली. त्यांच्या काळजीला नमस्कार करावा आणि गोळी द्यावी. वावडिंग गोळीच्या जागी नको.

पण मैत्रिणींनो, गोळी म्हणजे काही सगळ्या पाहुण्यांना बाहेर काढणारी केरसुणी नव्हे. अमिबा आणि जिआर्डिया हे डोळ्यांना न दिसणारे जीव पाण्यातून येतात. आव पडते, पोटात मुरडा येतो, नाही तर आठ-आठ दिवस फेसाळ, वास मारणारे जुलाब होतात. शाळेतली एक गोळी त्यांच्यासाठी नाही. त्यांना डॉक्टरच हवा. त्यांचं कवच इतकं चिवट, की पाण्यात टाकतो तेवढ्या क्लोरीननं ते खात्रीनं मरत नाहीत. याच जातकुळीतल्या एका जीवानं १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख माणसांना आजारी पाडलं. तिथं तर यंत्रानं शुद्ध केलेलं पाणी होतं! आपल्याकडे नळ येतो त्याच्या मर्जीनं आणि उन्हाळ्यात टँकर येतो. तेव्हा पिण्याचं पाणी खळखळून उकळावं, झाकून ठेवावं आणि लांब दांडीच्या ओगराळ्यानंच काढावं. पेल्यासकट हात बुडवला की उकळण्याचे कष्ट वाया.

आणि कोबी-फ्लॉवरची भीती? "कोबीतला किडा मेंदूत जातो" असं ऐकून कित्येकींनी कोबी बंद केला आहे. कोबीवरची हिरवी अळी मेंदूत जात नाही. धोका असतो तो पट्टकृमीच्या अंड्यांचा. ती माणसाच्या शौचातून भाजीच्या पानांवर येतात, दिसत नाहीत, पोटात गेली तर त्यांच्या अळ्या मेंदूत गाठी करतात आणि धडधाकट माणसाला फिट्स येऊ लागतात. अन्न शाकाहारी असलं म्हणून यातून सुटका नाही. म्हणून पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, भाजी नीट शिजवायची, कच्ची कोशिंबीर विशेष जपून करायची. कोबी मात्र खुशाल खा.

आणखी एक सांगते, रागावू नका. तान्ह्या बाळाची शी "देवाची" म्हणून आपण ती गटारीत, उकिरड्यावर, नाही तर परसात टाकतो. रांगणाऱ्या बाळाच्या पोटात जंत असू शकतात आणि त्याच्या शीतली अंडी तेवढीच खोडकर. ती संडासातच टाकायची आणि हात साबणानं धुवायचे. आपल्या हातात असलेली ही सगळ्यांत स्वस्त गोष्ट.

हे सगळं ऐकून "आपल्या हातून काय होणार?" असं मनात आलं असेल, तर एका जुन्या शत्रूची आठवण करून देते. तुमच्या आजीला नारू माहीत असेल. पायातून हातभर, कधी त्याहूनही लांब दोरा बाहेर पडायचा, काडीला गुंडाळत बसावं लागायचं, माणूस महिनोन् महिने अंथरुणाला. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं आणि तेच प्यायचं. दुखरा पाय पाण्यात बुडाला की त्या नारूची पिल्लं पाण्यात, पाण्यातल्या बारीक पिसवांच्या अंगात आणि घोटाबरोबर पुन्हा माणसाच्या पोटात. १९८४ च्या सुमारास देशात सुमारे चाळीस हजार रुग्ण होते. महाराष्ट्रही त्या सात राज्यांत होता. यावर ना औषध, ना लस. मग घालवला कसा? पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, हातपंप आले, विहिरींत औषध टाकलं आणि घरोघरी बायकांनी पाणी कापडातून गाळलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. एकेकाळी जगात लाखोंनी रुग्ण होते. २०२४ साली साऱ्या जगात फक्त पंधरा! एक अख्खा रोग पृथ्वीवरून निघाला आहे, आणि त्यात हंड्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याचा वाटा आहे.

तेव्हा यंदा एवढं करा. गोळीची तारीख अंगणवाडीताईंना आधीच विचारून ठेवा आणि कॅलेंडरवर लिहा. आपल्या मुलांना गोळी द्या. कुणी शेजारीण "आमच्याकडे नाहीत" म्हणाली, तर तिला चहाला बोलावून समजावा. पाडव्यानंतर टोळ्या परत आल्या, की तुमच्या ओळखीतल्या ऊसतोड मावशीला विचारा, "लेकराला जंताची गोळी मिळाली का?" नसेल मिळाली, तर तिला आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्रात पाठवा, जमलं तर बरोबर जा. पंचायतीत, महिला मंडळात, कारखान्याशी संबंध असलेल्या घरच्या पुरुषांपाशी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहा, फडाजवळ बायकांसाठी संडास कधी होणार?

हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आपण पुष्कळ वाटले. पुढच्या संक्रांतीला प्रत्येकीला एक साबण आणि एक नखं कापायचं यंत्र द्या. आणि ते देताना, सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात सांगा कशासाठी ते.